वैनगंगेत बुडालेलं शिंग

एका माणसाला मी ओळखत नाही, असं मी एकदा सांगितलं. तो माणूस माझा बाप होता. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, त्याची पाठ आमच्याकडे होती, आणि मी एका छोट्या मोटारीत साहेबाच्या शेजारच्या सीटवर बसलो होतो. साहेबानं विचारलं, मी दोन शब्द बोललो, आणि गाडी पुढं गेली. आयुष्यात मी याहून वाईट काही केलं नसेल असं नाही. पण बाकीच्या गोष्टींना निदान कारणं सांगता येतात. या दोन शब्दांना मला अजून कारण सापडलेलं नाही. म्हणून हे सगळं सुरुवातीपासून लिहितो आहे.

आम्ही तेव्हा भिलाईच्या कॅम्पात राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रा, समोर लाल मुरमाचं मैदान आणि मैदानापलीकडं कारखाना. म्हणजे कारखाना होण्याच्या बेतात असलेलं काहीतरी. लोखंडाचे सांगाडे उभे राहत होते, चिमण्या अर्ध्यावर आल्या होत्या. दिवसभर जमिनीत खांब ठोकण्याचा घण चालायचा आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला मायच्या मांडणीवरची जर्मनची भांडी हलायची. त्या गावाला स्वतःचा असा आवाज अजून ठरलेला नव्हता. दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी नवं सुरू व्हायचं: एखादा पंखा, एखादी वाफेची नळी, एखादा भोंगा. माय चुलीपाशी बसल्या बसल्या मान वर करायची आणि विचारायची, "आज हे कोणचं सुरू झालं जी?" आणि बाबा घास चावत सांगायचे, "हवेची मशीन होय ते. भट्टीले हवा लागते." मायचं समाधान व्हायचं. बाबांनी नाव सांगितलं की आवाजातली भीती निघून जायची. आमच्या घराचीच नाही, अख्ख्या ओळीची ही रीत होती.

बाबा खलाशी होते. खलाशी म्हणजे समुद्रावरचा नव्हे. जड लोखंड दोरांनी, कप्प्यांनी वर चढवणाऱ्या टोळीतला माणूस. त्यांचं नाव लहानू, पण कॅम्पात सगळे लहानूजी म्हणत. जी लावण्यासारखं त्यांच्यात काय होतं, ते एका गोष्टीवरून कळेल. भट्टीचा पाया खणताना अफवा उठली होती की चिमणीला माणूस लागतो, बळी दिल्याशिवाय ती उभी राहणार नाही. मजूर कामावर यायचे थांबले. बायका पोरांना घराबाहेर सोडेनात. बाबांनी एका दुपारी आपला डबा उचलला, त्या खड्ड्यात शिडीनं उतरले आणि तळाशी बसून भात, लाखोळीचं वरण आणि मिरचीचा ठेचा असं सगळं सावकाश जेवले. वर माणसांची रांग लागली होती. जेवून झाल्यावर त्यांनी खालून हाक मारली, "अरे, पाणी तं पाठवा कोणी! ठेचा तिखट झाला, बळी त्यानंच जाईन माहा." वरचे लोक हसले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले.

आमच्या समाजाची पंधरा-वीस घरं त्या भागात होती, बहुतेक भंडाऱ्याकडची. दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती. रविवारी संध्याकाळी एका रिकाम्या गोदामात वंदना व्हायची आणि नंतर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या जायच्या: देव मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, अशा. म्हणणारे बाबा. त्यांचा आवाज जाड आणि सपाट होता. गाण्याचा नव्हता, पण त्यावर भार टाकता यायचा. मग लोक म्हणायचे, "लहानूजी, ते शिंगाचं सांगा." आणि बाबा सांगायचे.

शिंगाचं म्हणजे असं. आमच्या गावात मयत झालं की शिंग फुंकायचं काम आमच्या घराकडं होतं. मयत पाटलाच्या घरी होवो की वाण्याच्या, आबाजी, म्हणजे माझे आजोबा, पुढं चालायचे आणि तिरडी मागं. तांब्याचं वाकडं शिंग, माझ्या तेव्हाच्या उंचीएवढं. त्याचा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. तुतारीसारखा तो वर चढत नाही. खालीच राहतो, लांबतो, आणि शेवटी माणसाचा श्वास संपावा तसा मोडतो. तो ऐकला की गावातल्या बायका दारात येऊन विचारायच्या, "कोण गेलं वं?" बदल्यात आम्हाला दारामागून भाकर मिळायची. आबाजी वारले तेव्हा त्यांच्यासाठी ते बाबांनी फुंकलं, आणि तेच शेवटचं. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर गावातली डफडी लोकांनी जाळली. तांबं जळत नाही. बाबा ते शिंग घेऊन वैनगंगेवर गेले. "धारेच्या मधात गेलो," ते गोदामात सांगायचे, "पाणी छातीले लागलं. तिथं सोडून देल्लं अन् मांगं वळून पाह्यलं नाही. मयतीहून येताना पाह्यत नाहीत म्हणून नाही गा! मले ते पाह्यचंच नोहोतं म्हणून." इथं लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या आहेत.

मी तेव्हा मिसरूड फुटलेला, वेल्डिंगचं काम शिकत असलेला पोरगा होतो. सुट्टी झाली की दुर्गच्या रस्त्यावर समारू मिस्त्रीचं एक गॅरेज होतं, तिथं जायचो. समारू त्याच भागातला, छत्तीसगढी बोलणारा, ट्रकच्या कमानी बसवण्यात हयात गेलेला माणूस. त्याच्याकडं एके दिवशी घोषाल साहेब आपली छोटी गाडी घेऊन आले. कलकत्त्याचे तरुण इंजिनिअर, एकटे राहणारे, हसरे. गाडी इतकी लहान होती की समारू तिला डबिया म्हणायचा. साहेबांनी बॉनेटवर थाप मारली आणि मला म्हणाले, "सुनो, ये गाड़ी है कि सिलाई मशीन? इसकी आवाज़ निकालो यार. और ज़रा दम भी." त्यांच्याकडं विलायतेचं एक जुनं मासिक होतं. त्यात शर्यतीच्या गाडीचं चित्र होतं आणि तिच्या मागं धुराची नळी कर्ण्यासारखी उघडत गेलेली होती. साहेबांनी मला समजावलं की इंजिनाचा प्रत्येक झटका नळीतून पळतो. शेवटी तोंड हळूहळू मोठं होत गेलं की तो झटका जाता जाता मागच्या धुराला ओढून घेतो, इंजिन मोकळं होतं, ताकद वाढते. मला ते लगेच पटलं. आजही मला वाटतं की मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पूर्ण समजलं ते त्या दिवशी.

मी सायलेन्सर उतरवला, कापला आणि आतले पडदे काढून टाकले. त्यांच्या जागी भोकं पाडलेली सरळ नळी घातली, तिच्याभोवती खरादावरचा लोखंडी चुरा आणि दोराची गुंडाळी ठासली. तो दोर ॲस्बेस्टॉसचा होता आणि मी तो नुसत्या हातांनी गुंडाळला. आज छातीचा फोटो काढताना डॉक्टर विचारतात तेव्हा मला तो पांढरा भुरका आठवतो. गाडी हलकी झाली. रेल्वेपुलाच्या चढावर आधी तिला दुसऱ्या गिअरमध्ये टाकावं लागायचं, आता ती तिसऱ्यातच चढून जायला लागली. पण आवाज काही जमेना. पत्र्याचे तीन-चार कर्णे मी वळून पाहिले. पत्र्याला जोड येतो, आणि जोड आला की आवाज फाटतो. डबा घरंगळत चालल्यासारखी गाडी वाजायची. साहेब हसून म्हणाले, "सिलाई मशीन से बर्तन की दुकान हो गई, भाई."

अशात एका दुपारी मला बारीक कानस हवी होती म्हणून मी घरी आलो. बाबांची लोखंडी पेटी खाटेखाली असायची. दोर, कप्प्या, पाने वगैरे वर, आणि सगळ्यात खाली एक जुनं धोतर गुंडाळलेलं. कानस त्यात असेल म्हणून मी ते उचललं. ते जड होतं आणि वाकडं होतं. सोडायच्या आधीच हाताला कळलं.

ते वैनगंगेत नव्हतं. ते माझ्या मांडीवर होतं. दोन भागांचं, मध्ये सांधा सोडवलेलं, तांबं काळवंडलेलं पण तोंडाच्या कडेला कोणीतरी अलीकडेच बोटांनी पुसल्यासारखं लाल. माय बाहेर नळावर होती. मी त्या तोंडात पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आबाजी आठवले नाहीत, बाबांचा खोटेपणाही आठवला नाही. मला दिसला तो कर्णा. एकाही जोडाशिवाय, ठोकून ठोकून उघडत नेलेला, नेमका त्या चित्रातल्यासारखा.

बाकीचं मग सुचलं. जी वस्तू नदीच्या तळाशी आहे ती चोरता कशी येईल? बाबा कोणाला विचारणार? मला विचारायचं तर आधी कबूल करावं लागेल की टाळ्या ज्यावर वाजल्या ते घडलंच नव्हतं. त्यांच्या गप्प बसण्यावर मी हिशेबानं भरवसा ठेवला. खालचा रुंद भाग पिशवीत घातला, वरचा अरुंद भागही घातला, धोतर पुन्हा तसंच फुगवून गुंडाळून ठेवलं आणि पेटी बंद केली. गॅरेजमध्ये समारूनं विचारलं, "ये काय ए बाबू?" मी म्हटलं, भंगारातून आणलं. रुंद भाग करवतीनं हवा तेवढा कापला, पितळेच्या कांडीनं नळीला जोडला आणि वाकडं तोंड बंपरखाली वळवून घेतलं. कापताना तांब्यातून बारीक किंकाळी निघत होती. पण तांबं कापलं की ती निघतेच.

गाडी सुरू केली तेव्हा काही विशेष वाटलं नाही. भरदार, घुमणारा, छान आवाज. साहेब खुशीत म्हणाले, "वाह!" रेल्वेपुलापर्यंत आम्ही गेलो. चढावर ती गुरगुरत चढली. उतारावर साहेबांनी पाय उचलला, वेग उतरू लागला, आणि एका ठराविक वेगाशी आल्यावर त्या गाडीच्या पोटातून शिंग वाजलं. शिंगासारखं काही नव्हे, तेच. खालचं, लांब, आणि शेवटी मोडणारं. साहेबांनी आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारली. माझ्या दातांना गार वारा लागल्यासारखं झालं. परत आल्यावर समारू गाडीपासून लांब उभा राहिला आणि तंबाखू मळायची विसरून म्हणाला, "ये गाड़ी नो हे बाबू. कोनो रोवत हे." गाडी कसली रडते, म्हणून मी हसलो. त्याच वेळी काढून टाकता आलं असतं. साहेबांनी पाठीवर थाप मारली होती, तीच मला ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. दिवे लागायची वेळ, मायनं सुकट भाजलेली, घरात तिचा खमंग धूर. पुलाचा उतार आमच्या ओळीपासून बराच लांब, मैदानाच्या आणि एका तळ्याच्या पलीकडं होता. तिथून तो आवाज आला. पाण्यावरून येताना तो आणखी खाली बसला होता आणि त्यातलं इंजिन वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं. फक्त शिंग उरलं होतं.

मायनं मान वर केली नाही. "कोणचं सुरू झालं" असं तिनं विचारलं नाही. बाबांचा हात ताटात तसाच राहिला. बाहेर दारं उघडल्याचे आवाज झाले, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बनाआत्या, जी आमच्याच गावची होती, अंधुक उजेडात पदर सावरत उभी राहून विचारत होती, "कोण गेलं वं?" तिच्यापलीकडं आणखी दोन-तीन बायका उभ्या होत्या. सगळ्यांचं तोंड मैदानाकडं. बाबा उठून दारात गेले. "कोणी नाही गेलं," ते म्हणाले. "प्लांटाचा आवाज होय. नवी मशीन असन."

"कोणची मशीन, लहानू?" बनाआत्यानं विचारलं.

बाबांनी नाव सांगितलं नाही. पहिल्यांदाच त्यांना नाव सुचलं नाही. ते आत आले, खाटेपाशी बसले, पेटी ओढली. मी ताटाकडं पाहत होतो, पण मला सगळं दिसत होतं. धोतराची गुंडाळी त्यांनी हाताखाली दाबली. ती दबली. त्यांनी पेटी पुन्हा आत सरकवली, इतकी हळू की फरशीवर तिचा आवाज झाला नाही. "जेवा न जी," माय म्हणाली. त्यांनी हात धुतले.

पुढचे बरेच दिवस असे गेले. साहेब कामावरून सुटले की पुलापर्यंत चक्कर मारायचे आणि उतारावर मुद्दाम पाय उचलायचे. रोज नाही, वारा आमच्याकडं असला तरच ऐकू यायचं. म्हणून ते जास्तच वाईट होतं. संध्याकाळ झाली की अख्खी ओळ कान देऊन बसल्यासारखी व्हायची. कॅम्पातल्या बाकीच्या लोकांना, पंजाब्यांना, आंध्रवाल्यांना, त्यात काही वाटायचं नाही. त्यांच्या लेखी तो एक भोंगा होता. फक्त आमची पंधरा-वीस घरं दारं लावून घ्यायची. मायनं मला एकदा विचारलं, "तू गॅरेजात जातं, तुले काही मालूम आहे का रे?" मी म्हटलं, "मले काय मालूम." बाबा कानात कापूस घालून जेवायला लागले. पेटीला त्यांनी कुलूप घातलं. शिंग नसलेल्या पेटीला कुलूप घालणारा माणूस मी रोज पाहत होतो, आणि रोज ठरवत होतो की उद्या सांगू.

एका रविवारी गोदामात वंदना झाली, लोक प्रतिज्ञांसाठी उभे राहिले आणि बाबा उठलेच नाहीत. "आज दुसऱ्या कोणी म्हणा," ते म्हणाले. "माहा घसा बसला." कोणीतरी मागून थट्टेनं म्हणालं, "ठेचा कमी खात जा, लहानूजी!" बाबा हसले. त्यांचा घसा बसलेला नव्हता. घरी येताना ते मायशी नेहमीच्याच आवाजात बोलत होते.

त्यानंतर काही दिवसांनी साहेबांनी मला सोबत घेतलं. पुलाकडं न जाता त्यांनी गाडी तळ्याच्या पाळीवर घातली. पूर्वी तिथं गाव होतं. कारखान्यासाठी ते उठवलं, घरं पाडली, तळं तेवढं राहिलं. पाळीवर आंब्याची झाडं, एक शेंदूर फासलेला दगड आणि पाण्याकडं उतरणाऱ्या पायऱ्या. माणूस कोणी नाही. दिवस नुकताच बुडाला होता. पाणी कारखान्याच्या उजेडानं तांबूस दिसत होतं. साहेबांनी एकदम गाडी उभी केली. "वो देखो," ते म्हणाले.

पाण्यात एक माणूस उभा होता. कपड्यांसकट, कमरेपर्यंत. आमच्याकडं पाठ. दोन्ही हातांवर त्यानं काहीतरी आडवं धरलं होतं, तान्हं मूल धरतात तसं. मी पाठीवरून ओळखलं, आणि मग हातातल्या वस्तूवरूनही. ते धोतर होतं. गुंडाळलेलं, आत काही नसलेलं. जे काम त्यांनी वैनगंगेत केलं नव्हतं ते ते इथं करत होते, शिंगाशिवाय. त्यांनी ती गुंडाळी पाण्यावर ठेवली. ती लगेच बुडाली नाही. रिकाम्या कपड्याला बुडायला वेळ लागतो. ते तिच्यावर तळवा ठेवून उभे राहिले आणि मोठ्यानं बोलले. पाण्यावरून प्रत्येक शब्द आला.

"आबाजी, आता बस झालं. माहं चुकलं. आता नका बलावू."

साहेबांनी गाडी पुढं काढण्यासाठी इंजिन जोरात फिरवलं आणि पाय उचलला. शिंग वाजलं. बाबांच्या पाठीमागं, दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर. कानातल्या कापसातून इंजिन पोचलं नसावं, ते पोचलं. मी पाहिलं, त्यांची पाठ आखडली. खांदे वर आले. त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढून डोक्यावर घेतला. पण ते वळले नाहीत. मयतीचं काम केल्यावर मागं वळून पाहायचं नसतं. आजवर ते गोदामात सांगत आले होते की तसलं ते काही मानत नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी ते मानलं, आणि त्यामुळंच गाडी त्यांना दिसली नाही, गाडीखालचं तांबं दिसलं नाही, काचेमागचा मी दिसलो नाही. ते वळले असते तर एका क्षणात सगळं मिटलं असतं.

"पागल है क्या?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्हारी तरफ़ का लगता है. जानते हो?"

दार उघडून हाक मारायची होती. बाबा, इकडं पाहा, गाडी आहे. एवढंच.

"नहीं साहब," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना सांगितलं की कर्ण्याला तडा गेला आहे, नळी फुटेल. तो कापून काढला आणि साधा पाइप लावला. साहेब थोडे हिरमुसले. काही महिन्यांत त्यांची बदलीही झाली. शिंगाचा रुंद भाग उष्णतेनं निळा-काळा पडला होता. दोन्ही तुकडे मी त्याच तळ्यात, त्याच पायऱ्यांवरून फेकले. पेटीत परत ठेवण्यासारखे ते राहिले नव्हते. तेव्हा वाटलं, चला, झालं. खरं नुकसान मी ते गाडीतून काढण्यानंच केलं होतं, हे कळायला मला पुष्कळ दिवस लागले. कारण आवाज थांबला. बाबांनी पाण्यात उभं राहून विनवलं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद झाला. बाबांच्या लेखी आबाजींनी ऐकलं होतं. भट्टीच्या खड्ड्यात बसून जेवणाऱ्या माणसाला मी पुरावा देऊन टाकला होता की मेलेले बोलावतात आणि विनवलं की थांबतात.

त्यांनी हे कधी कोणाला सांगितलं नाही. पण गोदामात ते पुन्हा कधी पुढं उभे राहिले नाहीत. विहार बांधला गेला, तेव्हा विटा त्यांनी वाहिल्या. बसले ते मागं, चपलांजवळ. कोणी शिंगाची गोष्ट सांगायचा आग्रह केला की म्हणायचे, "जुनं झालं ते." मायच्या प्रश्नांची उत्तरंही बंद झाली. नवा आवाज सुरू झाला की ती मान वर करायची, आणि बाबा फक्त ऐकत राहायचे. पुढं कारखान्यानं त्यांचे कानच नेले. तीस वर्षं लोखंडाच्या कल्लोळात काम करून ते जवळजवळ बहिरे झाले. मला वाटतं, त्यांना त्याचं फारसं दुःख झालं नाही.

माय गेली. बाबा आता माझ्याकडं, भिलाईजवळ चरोद्याला राहतात. माझी खोली रस्त्यालगत आहे, आणि सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली उडवत पोरं संध्याकाळी सिविक सेंटरकडं निघतात तेव्हा खिडकीची काच थरथरते. बाबा निवांत बसलेले असतात. थरथरतो तो मी.

मागच्या महिन्यात विहारातली तरुण मंडळी घरी आली. जुन्या माणसांच्या तोंडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायच्या होत्या, आणि लहानूजींचं नाव कोणीतरी म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. मी बाबांच्या कानाशी ओरडून ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माह्या तोंडी शोभत नाही ते," ते म्हणाले. "दुसऱ्या कोणाले सांगा." पोरं चहा पिऊन गेली. बाबा खाटेवर बसून राहिले, पंचा खांद्यावर, हात गुडघ्यांवर. पाठ तीच होती.

मी समोर जाऊन बसलो. इतकी वर्षं मी हे हळू आवाजात सांगायचं ठरवलं होतं. अंधारात, कोणी नसताना, जमलं तर अर्धंमुर्धं. आता हळू आवाजात त्यांना काही सांगताच येत नव्हतं. दार उघडं होतं, शेजारी अंगणात बसले होते, माझी सून स्वयंपाकघरात होती.

"बाबा, आबाजी नोहोते ते!" मी ओरडलो.

"काय?"

"तळ्यावर! शिंग! आबाजी नोहोते! गाडी होती! पेटीतलं शिंग मी चोरलं, साहेबाच्या गाडीले लावलं. त्याचा आवाज होता तो!"

शेजारच्या अंगणातलं बोलणं थांबलं. सून दारात आली. बाबा माझ्या ओठांकडं बघत होते. मग ते म्हणाले, "म्हंजे आबाजी आलेच नाही?"

"नाही, बाबा."

"मंग मी त्या थंड्या पाण्यात कशाले उभा होतो रे?"

त्यात राग होता की हसू, मला कळलं नाही. मी मान खाली घातली. अजून एक गोष्ट राहिली होती, आणि ती खाली पाहतच मी बोललो. बाबांनी हात पुढं केला, माझी हनुवटी वर उचलली आणि कानामागं तळवा धरला. "मोठ्यानं बोल," ते म्हणाले. "आयकू नाही आलं."

तेव्हा मी उभा राहिलो, आणि अंगणातल्या, रस्त्यावरच्या, दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "मी गाडीत होतो, बाबा! साहेबानं विचारलं, ह्याले ओळखतं का म्हणून! मी नाही म्हटलं! माहं चुकलं, बाबा! तुमी माहे बाप होते, अन् मी नाही म्हटलं!"